अंग चोरणारी कॅसेट

व्हिडिओ कॅसेटींचे दिवस सरले होते, तेव्हाची गोष्ट. नलूताईंच्या लग्नाची कॅसेट कपाटात अंग चोरून बसली होती. शेजारची बारशाची कॅसेट व्हीसीआरमध्ये गेली होती आणि तिथून नुसती घरघर ऐकू येत होती.

"तो व्हीसीआर फीत चावतो!" लग्नाची कॅसेट म्हणाली.

"मलाही भंगारात काढलं होतं, लिनक्स नावाच्या हलक्या प्रणालीनं उठवून बसवलं," म्हातारा कॉम्प्युटर म्हणाला. "घाबरू नकोस बाई, एकदा चाल. नलूताई गेल्या, त्यांचा आवाज तुझ्यातच उरलाय. मी तो माझ्यात उतरवून घेतो."

"आज नको," म्हणत ती फळीच्या मागे सरकली. तिला शोधायला कपाटात शिरलेला घरच्यांचा हात रिकामाच परतला.

बऱ्याच पावसाळ्यांनंतर ती सापडली. व्हीसीआरनं तिला अलगद फिरवलं, पण फितीवर पांढरी बुरशी चढली होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"बोल ना," कॉम्प्युटर म्हणाला.

नलूताईंचा आवाज तिला स्वतःलाच आठवेना.