युवराजांचा मेतकूट-भात

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कांचनच्या जिवाला घोर लागला. उंच पाळण्यांच्या त्या रिसॉर्टात तिचा तीन वर्षांचा शंभू भुकेने रडत होता, आणि तिथल्या ‘राजमहाल’ हॉटेलात सगळंच तिखटजाळ.

दारात फेटेवाल्या मॅनेजरने रीतीप्रमाणे पोराच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवला आणि आरोळी ठोकली, “युवराज आले हो! आज यांचा हुकूम, आम्ही चाकर!”

कांचनने पिशवीतून मेतकूट-भाताचा डबा काढला मात्र, तोच मॅनेजर गुरकावला, “ओ ताई, घरचा डबा चालत नाही. इथे आमचंच खायचं!”

“बरं दादा,” म्हणत ती शंभूकडे वळली. “युवराज, काय खाणार?”

“मेतकूट-भात!”

“ऐकलंत? हुकूम झाला. आणा तुमच्याकडचा.”

मॅनेजर स्वयंपाकघरात गेला आणि पडेल चेहऱ्याने परतला. “युवराज, नूडल्स चालतील?”

“नाही!”

“मग चाकरदादा,” कांचन म्हणाली, “हुकूम मोडताय, की मी डबा उघडू?”

सगळं हॉटेल खो-खो हसलं. वाटी-चमचा मॅनेजरनेच आणून दिला.

तर बायांनो, तिकडे गेलात की पोराच्या डोक्यावर मुकुट बसेपर्यंत डबा पिशवीतच ठेवा, आणि एवढं चार आयांच्या कानावर घाला.