राजहंसाच्या छातीवरचा चिखल

फार जुनी गोष्ट आहे. हॉलंड देशात समुद्राच्या बांधाखाली एक बदकीण अंडी उबवत होती. शेजारच्या धुराड्यावर दरवर्षी स्पेनहून एक करकोचा राहायला यायचा.

"बाई, काय हा तुमचा देश," तो म्हणायचा. "आमच्याकडे उंच बुरूज आहेत, सोन्याने भरलेली गलबतं येतात. इथे पाहावं तिकडे चिखल."

"आहे खरा," बदकीण म्हणायची, "पण दादा, तो आम्ही समुद्राच्या तोंडातून काढलाय."

एकदा वादळाने बांधाला भगदाड पडलं. पाणी घरट्याकडे धावू लागलं, तशी बदकिणीने हाक दिली. बांधाची हाक आली की थोर-लहान न बघता प्रत्येकाने चिखल घेऊन धावायचं, अशी तिथली रीत होती.

करकोचा हसला. "राजाचा हुकूम येऊ द्या. मोठी माणसं कुठे मातीला हात लावतात?"

तोवर पाणकोंबड्या आल्या, ससे आले आणि तळ्यातला राजहंसही आला. त्याने आपली पांढरीशुभ्र छाती भगदाडाला लावली. "थापा माझ्याभोवती," तो म्हणाला, "लाजू नका."

करकोच्याला वर बसवेना. तोही काटक्या घेऊन उतरला. संध्याकाळी पाणी हरलं, आणि सकाळी अंड्यांतून निघालेली बदकिणीची पिल्लं रांगेने तळ्यात उतरली.

हिवाळ्यात करकोचा स्पेनला परतला. बुरुजावरच्या गरुडाने विचारलं, "काय रे, त्या चिखलात पाहण्यासारखं काय आहे?"

"चिखलाने माखलेला राजहंस," करकोचा म्हणाला. "महाराज, आपल्या बुरुजाचा दगड निखळलाय. येता का खाली, दोघं मिळून बसवू."