सालीचं उरलेलं पाणी

आपल्या आज्या परकर नेसून हुंदडत होत्या तेव्हाची गोष्ट. गुणाबाई रंगारीण डाळिंबाच्या साली उकळून लुगडी पिवळी करायची आणि उरलेलं पाणी दारातल्या डाळिंबालाच घालायची. एकदा तिनं बाजारातून रंगाची पूड आणली.

पूड वाळक्या सालीला म्हणाली, "चल गं म्हातारे, उकिरड्यावर! तू उकळेपर्यंत माझी दहा लुगडी होतात."

"होऊ देत की! फक्त तुझं पाणी माझ्या आईला, त्या दारातल्या झाडाला नको," साल म्हणाली.

पण गुणाबाईनं पुडीत लुगडी रंगवली आणि उरलेलं पाणी सवयीनं झाडाला ओतलं. चौथ्या दिवशी पानं करपली.

"माझ्याच हातानं केलं मेलं!" म्हणत गुणाबाईनं पूड बाजूला सारली, झाडाला विहिरीचं पाणी घातलं आणि पुन्हा साली चुलीवर चढवल्या.

साल ताठ्यानं म्हणाली, "मला वेळ लागतो, लागू दे. माझं उरलेलं पाणी माझी आई पिते. तुझं कोण पितं गं?"