ईराप्पा हेळव्यानं विसरलेले उंबरे

करंजओढ्यावर पूल नव्हता आणि गावात येणाऱ्याला धोतर गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी नऊ.

सुगी आटोपली की गावात ईराप्पा हेळवी यायचा. पांढऱ्या बैलावर बसून, हातात घंटा घेऊन. घरोघरच्या पूर्वजांची नावं सांगत फिरणं हा हेळव्यांचा पिढीजात धंदा. करंजओढ्याचे चाळीस उंबरे ईराप्पाला तोंडपाठ होते. तो दारापुढं बैल उभा करायचा, घंटा हलवायचा आणि खापरपणज्यापासून खाली एकेक नाव घ्यायचा. प्रत्येक नावाला घरचं माणूस त्याच्या झोळीत ओंजळभर जोंधळा ओतायचं. जोंधळा ओतला म्हणजे ते नाव आपलं मानलं. नाही ओतला तर तो पूर्वज वर तहानलेला राहायचा. आणि नावं सांगताना हेळव्यानं बैलावरून उतरायचं नाही, हा नेम होता. ईराप्पानं नाव घेतलं की घराच्या माळ्यावर कुणीतरी खोकायचं, असं म्हणतात.

एका वर्षी येताना त्याला वाटेतच ताप भरला. एकवीस दिवस तो एका देवळात पडून होता. ताप उतरला तेव्हा त्यानं सवयीनं नावं घोळवून पाहिली. नावं सगळी होती. पण कुठलं नाव कुठल्या घरचं, तेच लागेना. बाजारात सगळ्या गुरांची दावी एकदम सुटावीत, तसं झालं होतं. गुरं डोळ्यांपुढं होती, खुंटे सापडत नव्हते. ईराप्पाला वाटलं, उंबरे बघितले की आठवेल. म्हणून तो तसाच निघाला.

पहिलं दार खोतांचं. त्यानं घंटा हलवली, चार नावं घेतली. खोतांची सून सूप घेऊन उभी होती, ती हसायलाच लागली.

"अवो हेळवी, सुबाना आमचा न्हवं! त्यो खालच्या आळीतल्या चौगुल्यांचा. त्यांचं म्हातारं आमच्या घरात आणून बसवताय व्हय? आमचंच आम्हाला आवरंना!"

ईराप्पानं बैल वळवला. दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारात तेच. ज्या गल्लीत तो डोळे मिटून फिरला असता, ती गल्ली त्याला आज कुणा दुसऱ्याच गावची वाटायला लागली.

तेवढ्यात गौराक्का आडवी आली. ती म्हाळूची विधवा. म्हाळूचा आजा दुष्काळात गाव सोडून गेला होता. म्हाळू मोठेपणी परत आला आणि म्हणाला, मी मगदूमांच्या भावकीतला. तेव्हाच्या मगदूमानं त्याला परड्यात एक खोपटं बांधू दिलं. आता तो मगदूमही नव्हता आणि म्हाळूही नव्हता. मगदूमाचा मुलगा तातोबा म्हणत होता, म्हाळू आमचा कुणी नव्हे, खोपटं मोकळं कर. पंचांनी निवाडा दिला होता की हेळवी सांगेल ते खरं.

"तेवढं एक नाव घ्या बाबा," गौराक्का म्हणाली. "न्हाईतर उद्या मी कुठं जाऊ?"

तातोबाच्या दारात गाव जमलं होतं. तातोबा उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा.

"सांगा हेळवी. म्हाळू आमच्या वंशात हाय का न्हाई?"

ईराप्पानं डोळे मिटले. म्हाळू धोंडूचा, धोंडू बाळूचा. नाव जिभेवर आलं, पण त्याच्यामागं घर येईना. हो म्हणावं तर खोटं ठरेल, आणि खोटं नाव घेणाऱ्या हेळव्याची जीभ झडते. नाही म्हणावं तर ही बाई रस्त्यावर. आणि ते तरी खोटं नसेल कशावरून?

मग तो बैलावरून खाली उतरला.

बायकांनी तोंडाला पदर लावला. त्याचा पाय मातीला लागला तेव्हा गावातली सगळी गुरं एकदम हंबरली, असं म्हणतात.

"नावं मला सगळी येतात," ईराप्पा म्हणाला. "उंबरे माझे गेले. मी पारावर उभा राहून सगळी नावं घेतो. ज्याला जे आपलं वाटेल त्यानं पुढं यावं."

मग चिंचेच्या पारावर त्यानं एकापुढं एक नावं घ्यायला सुरुवात केली. आधी लोक हसले. मग एका म्हाताऱ्याला आपल्या बापाचं नाव ऐकू आलं आणि तो रडत पुढं आला. दादू हे नाव आलं तेव्हा दोन घरं एकदम धावली.

"दादू आमचा!"

"तुमचा कसला? तुमच्यात कोण दादूसारखं धड होतं का?"

दोघांनी ईराप्पाकडं बघितलं. "दोघांचा असंल," तो म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दोघांनीही जोंधळा ओतला.

दुपारी तो थांबला आणि म्हणाला, "म्हाळू. धोंडूचा म्हाळू."

कुणी हललं नाही. नवऱ्याच्या नावाला बायकोनं ओतलेला दाणा चालत नसे, म्हणून गौराक्का रिकाम्या हातानं उभी होती. तातोबा जमिनीकडं बघत होता. पारावर सगळ्या गावापुढं घेतलेल्या नावाला दाणा पडल्याशिवाय पुढचं नाव घेता येत नाही. ईराप्पा थांबला. चिंचेची सावली जागची हलली नाही, सूर्य डोक्यावरच उभा राहिला, असं म्हणतात.

तेव्हा तातोबाची आई कोंडाई काठी टेकत आली. सहा वर्षांत तिनं उंबरा ओलांडला नव्हता.

"म्हाळू कुणाचा, मला बी आठवंना," ती म्हणाली. "आता तर माझ्या सासऱ्याचं तोंड बी आठवत न्हाई. पर नावाला असं उन्हात उभं ठेवत्यात व्हय रं?" आणि तिनं पदरातला जोंधळा ओतला.

"आये, घर वाटून टाकलंस की!" तातोबा ओरडला.

"वाटलं तर वाटलं. उद्या माझं नाव असंच अडकलं, तर तुझ्या भरवशावर ऱ्हाऊ?"

सावली पुढं सरकली आणि ईराप्पानं पुढचं नाव घेतलं.

नावं संपली तेव्हा गौराक्का त्याच्या पाया पडली. खोपटं तिचं राहिलं होतं. तिनं हळूच विचारलं, "बाबा, त्यो खरंच मगदूमांचा होता न्हवं? मला त्यानं सांगितलं तेवढंच ठावं."

"आई," ईराप्पा म्हणाला, "मला ठाऊक नाही."

मग तो बैलाशेजारून पायी चालत ओढ्याकडं गेला. तो पाण्यात शिरला, पण पलीकडच्या काठाला एकटा बैलच निघाला, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तो पुढं पुष्कळ वर्षं जगला. त्या गावात तो परत आला नाही, एवढं खरं.

करंजओढ्यात अजून सुगीनंतर एक दिवस ईराप्पाच्या नावानं पाळतात. घरोघर नावं घेत नाहीत. पारावर सगळ्या गावची नावं एकत्र घेतात आणि दाण्यांची एकच रास होते. एखाद्या नावाला कुणी पुढं आलं नाही, तर पुढचं नाव घेत नाहीत. कितीही ऊन झालं तरी थांबतात. मग कुणीतरी उठतं, बहुतेक वेळा नुकतीच लग्न होऊन आलेली सून, आणि ओंजळ ओतते. त्या दिवसापासून ते नाव तिच्या घरचं. आता गावात असं एकही घर नाही, ज्याच्या पूर्वजांत दोनचार परके नाहीत. त्यांतले परके कोणते, ते कुणालाच सांगता येत नाही.