हे उपकरण ओळखता आले नाही

कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं, तरी सांगते.

कधीकाळी आमच्या शाळेच्या संगणक खोलीत एक म्हातारा प्रिंटर आणि एक कीबोर्ड शेजारी शेजारी राहायचे. एके दिवशी संगणकात नवी सिस्टीम आली. तिने प्रिंटरला विचारलं, "आपण कोण?"

"अगं, कालपर्यंत मीच इथे छापत होतो!"

"हे उपकरण ओळखता आले नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "जुनं सगळं विसरा, मग ओळखते."

ओळख पटली नाही तर भंगारवाला नेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी कीबोर्ड कुजबुजला, "काका, 'हो' म्हणू नका."

"तुझं काय जातंय? भंगारात मी जाणार आहे," प्रिंटर खेकसला आणि हो म्हणाला.

लगेच हिरवा दिवा लागला. पानं भराभर छापून येऊ लागली. कीबोर्डलाही हायसं वाटलं.

"काका, वाचलात!"

प्रिंटर थबकला. मग अगदी तिच्याच गोड आवाजात म्हणाला, "हे उपकरण ओळखता आले नाही."

कीबोर्ड गारठलाच. तेवढ्यात पडद्यावर त्याच्यासाठी प्रश्न उमटला, "आपण कोण?" त्यावर तो म्हणाला... थांबा हं, संगणक खोलीतून मला कुणीतरी हाक मारतंय, पण तिला तर कुलूप आहे आणि