हळदीचा बांध कोण फोडतं?

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक सेवामंडळ होतं. शेतकऱ्याच्या अडीअडचणीला धावून जायचं आणि बदल्यात कवडीही घ्यायची नाही, असा त्यांचा बाणा. माणसं एकाहून एक गुणी. सगळी एकाच चुलीवर जेवायची, एकमेकांची थट्टा करायची. पण कामाबद्दल चकार शब्द नाही! दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, हा मंडळाचा पहिला नियम. केवढी ही सभ्यता! ऐका आता, त्या सभ्यतेने काय घोळ घातला तो.

मंडळात मुकुंदा नावाचा पाण्याचा जाणकार होता. एकदा तो गजराबाईच्या शेतावर गेला. बाई एकटी. तिची सारी भिस्त हळद लावलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर. ती पिकली तरच वर्षभर चूल पेटायची. मुकुंदाने पाहिलं, पाणी येतं तसं वाहून जातंय. त्याने खालच्या अंगाला बांध घातला, पाणी अडवलं आणि बाईची भाकरी-चटणी खाऊन खुशीत परतला.

चार दिवसांनी येऊन बघतो तर बांध फुटलेला!

"खेकडे!" मुकुंदा ओरडला. "मेल्यांनो, माझ्याशी गाठ आहे!"

त्याने दगड रचून बांध पक्का केला. पुन्हा फुटला. बिळं शोधता शोधता पठ्ठ्या चिखलात पालथा पडला, पण एक खेकडा सापडेल तर शपथ.

पंगतीत त्याच्या शेजारी बसणारा तुळाजी, पिकांच्या रोगराईचा जाणकार, तोही हल्ली चिडचिडा झाला होता. काय बिनसलंय ते विचारावं, असं मुकुंदाला वाटलं. पण नियम म्हणजे नियम. त्याने तुळाजीच्या ताटात नुसती आणखी एक भाकरी वाढली.

एके सकाळी गजराबाई मंडळाच्या दारात उभी राहिली. हातात हळदीचं पिवळं पडलेलं रोप, कंद कुजून मऊ झालेला.

"आबा," मंडळाच्या म्होरक्याला ती म्हणाली, "माझं काय चुकलं, सांगा. तुमच्या माणसांना मी कधी अडवलं नाही. हा दादा येतो, बांध घालतो. तो दादा येतो, बांध फोडतो."

मुकुंदा ताडकन उठला. तुळाजीही उठला.

"म्हणजे तू फोडत होतास?"

"म्हणजे तू घालत होतास? अरे, साचल्या पाण्याने कंद कुजतो! मला वाटलं, पिंपळावरचा मुंजाच पाणी अडवतोय. मी त्याला नारळसुद्धा दिला!"

सगळे खो खो हसले. गजराबाईला मात्र हसू आलं नाही.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?" मुकुंदाने विचारलं.

"काय बोलू, दादा? तुम्ही एका चुलीवर जेवणारी माणसं. म्हटलं, चार दिवस ओल, चार दिवस कोरडं, असं तुमचं आपसात ठरलं असेल."

मुकुंदाचं तोंड एवढंसं झालं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. "चुकलो, मावशी," तो म्हणाला. मग त्याने तुळाजीला हाताला धरून ओढलं. "चल, काय भांडायचं ते शेतावर भांडू."

भांडले की! मनसोक्त भांडले. पण भांडता भांडता तुळाजी बोलून गेला, "ओल तर हवीच रे, पण कंद बुडता कामा नये."

मुकुंदा थबकला. "मग कंदच उंच ठेवू की! पाणी दोन ओळींमधल्या सरीत राहील, रोपांच्या बुडाशी मातीची भर घालू. जादा पाण्याला वाट ठेवू."

दोघांनी कुदळी उचलल्या. खालच्या ओळी कुजल्या होत्या, त्या गेल्याच. वरची हळद मात्र अशी पोसली, की गजराबाईची वर्षाची काळजी मिटली.

आबांनी जुना नियम मोडीत काढला. आता पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आज कुणाच्या शेतात काय केलं आणि उद्या काय करणार. सुरुवातीला भाकऱ्या गार व्हायच्या, लोक कुरकुरायचे. मग एकदा मुकुंदा म्हणाला, "उद्या मी ओढ्याकाठच्या भातखाचराचं पाणी सोडून देतो," आणि तिघं एकदम ओरडले, "थांब! भात फुलोऱ्यात आलाय, आत्ता पाणी हवंच!" त्या दिवशी एका घरचा भात वाचला. गार भाकरीबद्दल पुन्हा कुणी तक्रार केली नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: भलं करणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं-सांगितलं नाही, तर एकाने केलेलं भलं दुसराच मोडून ठेवतो.