भिवराची ताकाची वाटी

"संध्याकाळपर्यंत पंचवीस पदार्थांचं ताट माझ्यासमोर हवं! मुदपाकखाना बंद! दमडी खर्चायची नाही, कुणाला हुकूम सोडायचा नाही, कुणाकडे काही मागायचं नाही! नाही जमलं, तर गाढवावर बसवून वेशीबाहेर! सासूसकट!"

चिंचगडचे राजे भुजंगसेन भडकले होते राजवाड्यात ताक घुसळणाऱ्या भिवरावर. आणि कशावरून? तर सुपारीवरून!

झालं असं, की महाराजांनी आठवडी बाजारात भरधाव घोड्यावरून लोकांना सुपाऱ्या वाटल्या. वाटल्या कसल्या, फेकल्या! एक कुणाच्या टकलावर, एक भज्यांच्या कढईत. मग वाड्यावर येऊन मिशीला पीळ देत म्हणाले, "आज अख्ख्या बाजारातली माणसं जोडली!"

भिवरा फिस्सकन हसली. "अगं बाई! मग त्यातल्या एकाचं तरी नाव सांगा की, महाराज!"

महाराजांना फक्त घोड्याचं नाव आठवलं. म्हणून ही शिक्षा!

सासूनं कपाळाला हात लावला. "गाढवावर पुढं मी बसणार हो, आत्ताच सांगते!"

"बसा की! पण आधी वाट्या विसळून द्या."

भिवरानं विचारलं, "महाराज, ताक घुसळायला तर बंदी नाही ना?"

"घुसळ! ताकानं काय ताट भरतंय?"

भिवरानं पंचवीस वाट्या ताक भरलं आणि निघाली घरोघर. कासारणीला म्हणाली, "गुडघा कसा आहे? जिरं घालून आणलंय बघा." तेलिणीला विचारलं, "म्हैस व्याली का हो?" गुरव तर महातिरसट, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याची सगळी गाऱ्हाणी ती उकिडवी बसून ऐकत राहिली. मागितलं मात्र कुणाकडे काही नाही. वाट्या तिथंच ठेवल्या. "मी आज वाड्यावरच आहे," म्हणाली आणि परतली.

दिवस कलला. ताट रिकामंच!

"गाढव आणा रे!" महाराज ओरडले.

गाढव आलं, पण त्याच्या मागोमाग कासारीण आली. हातात भिवराची वाटी, वाटीत भरली वांगी! मग तेलीण खरवस घेऊन आली. गुरवानं तर चक्क खीर आणली! कुणाची चटणी, कुणाची उसळ, पंचवीसच्या पंचवीस वाट्या भरून आल्या! ताट भरलं, पाट भरला, उरलेली पुरणपोळी गाढवानं खाल्ली.

"तू मागितलंस!" महाराज गरजले.

कासारीण फणकारली. "मागते कशाला! शेजारणीची वाटी काय रिकामी परत करायची? लाज नाही का आम्हाला?"

"महाराज," भिवरा म्हणाली, "तुमची सुपारी घेऊन कुणी परत आलं का? वाटी हातात द्यावी लागते, अन् दोन घटका बसावंही लागतं."

महाराज तोंडात वांगं असतानाच खो खो हसले. ठसका लागला, तो भिवराच्याच ताकानं थांबला. खूश होऊन त्यांनी तिला घागरभर मोहरा दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर परत आली. काठोकाठ ताकानं भरलेली!

महाराजांनी ताक प्यायलं, मिशी पुसली आणि रिकाम्या घागरीकडे बघतच राहिले.

"अगं भवाने! आता ही रिकामी कशी परत पाठवू?"

आणि पोट धरून हसत त्यांनी खजिनदाराला हाक मारली.